आबांना बाहेरचं लागलं नव्हतं, दारू सुटत होती

पत्र असं आलंय:

"मावशी, प्रेज द लॉर्ड. मी नवापूर तालुक्यातली आहे, नाव छापू नका. आमचे आबा खूप वर्षांपासून रोज मोहाची पितात. यंदा नाताळच्या सभेत त्यांनी चर्चमधल्या सगळ्या मंडळीसमोर उभं राहून दारू सोडली. दोन दिवस हात थरथरत होते, जेवले नाहीत, तिसऱ्या रात्री अंगावर साप चढताय म्हणून ओरडायला लागले, आईलाही ओळखेनात. मंडळीतले लोक आले, रात्रभर प्रार्थना केली, दोघांनी हात बांधले. पहाटे काकाने कंटाळून क्वार्टर पाजली तर तासाभरात झोपले. आता परत पितात आणि म्हणतात देवानेच मला सोडलं. मंडळीत म्हणतात आत्मा निघाला होता पण दारूच्या दारातून परत शिरला, आणि आबांचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, बंद केलंय. लहान भाऊ बावीस वर्षांचा, सुरतला मिलमध्ये होता, तिकडे गांजा आणि गोळ्या लागल्या. दोन महिन्यांपासून घरी आहे, झोपत नाही, एकटाच बोलतो, शेजारच्यांनी करणी केली म्हणतो, कानात कोणीतरी शिव्या देतं म्हणतो. आणि बायबल उघडून मलाच दाखवतो की देवानेच सगळ्या वनस्पती दिल्या, येशूने पण द्राक्षारस केला. बाहेरून आलेले एक प्रचारक म्हणाले नशेने दार उघडलं आणि सात आत्मे शिरले, एकवीस दिवस आमच्या प्रार्थनाघरात ठेवा, घरच्यांनी यायचं नाही, औषध द्यायचं नाही. मी चाळीस दिवस उपास धरायचा विचार करतेय. मावशी, नशेबद्दल बायबल खरंच काय म्हणतं? – एक बहीण"

पोरी, वचनांचं नंतर बघू, आधी आबांची ती तिसरी रात्र. तू जे लिहिलंस ना, दोन दिवस थरथर, अन्न नको, तिसऱ्या रात्री साप आणि घरच्यांची ओळख नाही, हे सिव्हिलच्या मेडिकल वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला वाचून दाखव, तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणेल की दारू एकदम बंद केली का. मी नर्सिंगमध्येच आयुष्य काढलंय, असे पेशंट बेडला बांधलेले पाहिलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी भगताकडे नाहीतर प्रार्थनेला नेऊन मग आमच्याकडे आणलेलं असायचं, तोवर अंगात ताप भरलेला.

होतं काय की दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाच्या विरुद्ध जोर लावायला शिकतो. वर्षानुवर्षं असं चाललं आणि एक दिवस दाब काढून घेतला की तो जोर मोकळा सुटतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, पहिल्या दोन दिवसात काहींना फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये काहींना साप, मुंग्या, मेलेली माणसं दिसायला लागतात, छाती धडधडते, दिवस कोणता ते कळत नाही. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाला नाही तर माणूस यात जाऊ शकतो. आबा वाचले हे काही साधं नाही.

आणि ते शांत कशाने झाले ते तूच लिहिलंयस. अशुद्ध आत्मा येशूच्या नावाने निघतो असं आपण वाचतो, क्वार्टरने झोपी जातो असं कुठल्या शुभवर्तमानात आहे ते मला कोणी दाखवावं. मेंदू जे मागत होता ते त्याला मिळालं आणि तो थांबला, एवढंच झालं त्या पहाटे. काकाचा उपाय बरोबर होता असं मी म्हणत नाहीये बरं का, हॉस्पिटलात हेच काम गोळ्यांनी करतात, डोस रोज थोडा थोडा कमी करत काही दिवसात बंद करतात, आणि सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ते बी-१ महत्त्वाचं आहे, जुन्या पिणाऱ्याला नुसती ग्लुकोजची बाटली लावून घरी पाठवलं तर मेंदूला उलटा धोका होऊ शकतो, म्हणून गावातल्या सलाईनवर भागवू नका.

तर आबांनी परत दारू सोडायचीय, नक्की सोडायचीय, पण यावेळी भरती होऊन नाहीतर निदान डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि तोवर कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका, हे ख्रिस्ती सदरात लिहायला मलाच कसंतरी वाटतंय पण लिहिते, कारण खरं आहे. अजून एक, बाजारात आणि भिंतींवर त्या जाहिराती असतात ना, पेशंटला न सांगता दारू सोडवा, जेवणात पावडर टाका, ते अजिबात करू नको. त्यात बऱ्याचदा असं औषध असतं की वरून दारू प्यायला तर बीपी पडतं, श्वास लागतो, जीवावर बेततं, ते औषध डॉक्टर पेशंटला समजावून देतात तेव्हाच त्याचा उपयोग.

आता दाराचा विषय. नशा केली की सैतानाला दार उघडं होतं, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सभांमधून ऐकू येतं की लोकांना वाटतं ते वचनच आहे. तू एक काम कर, शुभवर्तमानात ज्यांना दुष्टात्मा लागलेला ते सगळे काढून बघ. कफर्णहूमच्या सभास्थानातला माणूस, कबरींमध्ये राहणारा तो सैन्य नावाचा, कनानी बाईची मुलगी, मार्क ९ मधला मुलगा ज्याला लहानपणापासून ते होतं, मग्दालीया मरिया. यातला एकही दारू पीत होता असं लिहिलेलं नाही. आता उलटं बघ, बायबलमध्ये प्यायलेले कोण कोण आहेत. नोहा प्याला आणि तंबूत उघडा पडला. लोटाला त्याच्या मुलींनी पाजलं आणि त्याला काही कळलंच नाही. अम्नोनाचं मन द्राक्षारसाने रंगलं तेव्हा अबशालोमाच्या माणसांनी त्याला मारलं. एला राजा दुसऱ्याच्या घरी पिऊन पडला होता तेव्हा जिम्रीने येऊन मारलं, १ राजे १६ मध्ये दोन ओळीत गोष्ट संपते. बेलशस्सराने पिता पिता मंदिरातली भांडी मागवली आणि त्याच रात्री गेला. यातल्या एकाच्याही अंगात काही शिरलं नाही. जे झालं ते माणसांनी केलं किंवा त्यांनी स्वतःच केलं, आणि तरी त्या सगळ्या गोष्टी किती भयंकर आहेत!

म्हणजे बायबलप्रमाणे नशेत माणूस कमजोर होतो हे शंभर टक्के खरंय. तो लुटला जातो, फसवला जातो, त्याची लाज जाते, तो नको तिथे सही करतो, नको त्याच्यावर हात टाकतो. आपल्याकडे मोहाच्या दोन बाटल्यांवर जमिनीच्या कागदावर अंगठे घेतलेत लोकांचे, खान्देशात कोणत्याही म्हाताऱ्याला विचार. हे एवढं सरळ डोळ्यासमोर असताना त्याला अदृश्य दाराची गोष्ट जोडायची गरज काय, असं मला नेहमी वाटतं, कारण एकदा आत्मा शिरला म्हटलं की मग पाजणारा, विकणारा, अंगठा घेणारा सगळे सुटतात.

पेत्राचं वचन प्रचारकांनी तुला ऐकवलंच असेल, १ पेत्र ५:८, सावध असा, जागे राहा, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय. ते वचन मी मानते, आत्मिक लढाई मी नाकारत नाही. पण पेत्र ते कोणाला लिहितोय बघ, सगळ्या मंडळीला, छळात असलेल्या लोकांना, आणि आदल्याच ओळीत म्हणतो की तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका. तिथे तो सावधपण मागतोय, शुद्धीत असणं मागतोय. नव्या करारात नशेच्या विरुद्ध जे काही आहे त्याचा गाभा मला हाच दिसतो, की देवाच्या माणसाचा लगाम दुसऱ्या कशाच्या हातात नसावा. पौल १ करिंथकर ६:१२ मध्ये म्हणतो की मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. इफिसकर ५:१८ तेच, द्राक्षारसाने मस्त होऊ नका, आत्म्याने भरा. आणि लूक २१:३४ मध्ये येशू दारूबाजीच्या शेजारी काय ठेवतो माहितीये का, संसाराच्या चिंता! दोन्हींनी मन जड होतं म्हणतो. त्यावर सभा झालेली मी कधी ऐकली नाही.

आणि नीतिसूत्रे २३ चा शेवट आबांना एकदा वाचून दाखव, पण ते शुद्धीत असतील तेव्हा. एकोणतिसाव्या ओळीपासून. कोणाला हाय हाय, कोणाचे डोळे लाल, शेवटी ते सापासारखं डसतं, डोळ्यांना भलतंसलतं दिसतं, समुद्राच्या मधोमध झोपल्यासारखं होतं, मला मारलं तरी लागलं नाही, आणि शेवटी काय तर मी जागा कधी होईन, परत तेच मागेन. इतक्या जुन्या काळात कोणीतरी बसून दारुड्याला इतकं बारकाईने पाहिलंय, आणि त्यात कुठेही आत्म्याचं नाव नाही. दारूच हे सगळं करते असं शलमोनाचं पुस्तक सांगतं.

मत्तय ४:२४ पण बघून ठेव, पाळकांशी बोलताना कामाला येईल. येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे तिथे, त्यात भुतं लागलेले वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे लिहिलेत. मार्क ९ मधल्या मुलाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आहे हेही खरं, मी लपवत नाही, पण सगळंच एका पोत्यात भरायची सवय मत्तयाला नव्हती. आणि देवाच्या माणसांची पारख चुकते याची गोष्ट १ शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात आहे, हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायलीये. याजक होता तो, मंदिरात बसलेला. तिने सांगितल्यावर त्याने ऐकून घेतलं आणि शब्द मागे घेतला, हे मात्र त्याचं चांगलं. तुमचे पाळकही ऐकतील कदाचित, पण त्यांना चारचौघात नको सांगू, घरी जा, आबांच्या त्या तीन दिवसांचं सगळं क्रमाने सांग आणि सोबत एखाद्या डॉक्टरला बोलायला लाव.

आता तुझ्या भावाची वचनं. पोरगा हुशार आहे, वचन काढून भांडतो म्हणजे वाचतो तरी. उत्पत्ती १:२९, बी देणारी प्रत्येक वनस्पती दिली. बरोबर आहे, धोतऱ्यालाही बी येतं, त्याला म्हणावं आमटीत टाकून बघ. यापेक्षा चांगलं उत्तर २ राजे ४ मध्ये आहे, दुष्काळात अलीशाचा एक शिष्य रानात जातो, रानवेलीची फळं ओटीभर आणतो, काय आहे माहीत नसताना चिरून हंडीत टाकतो, आणि खाणारे ओरडतात की देवमाणसा, हंडीत मरण आहे! देवाने उगवलेलीच होती ती फळं.

येशूने काना गावात द्राक्षारस केला हे खरंच आहे आणि तो सरबत होता असं सिद्ध करायला मी बसणार नाही, तशी ओढाताण केली की पोरं आपलं बाकीचंही ऐकत नाहीत. स्तोत्र १०४ मध्ये द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करतो असं आहे, पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणतो, शोमरोनी माणसाने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला. बायबल द्राक्षारसाला शिवी देत नाही, झिंगण्याला देतं, आणि ती सगळीकडे देतं. शिवाय तो आंबवलेला रस होता, जेवणासोबतचा, भट्टी लावून काढलेली पहिल्या धारेची त्या काळात नव्हती. आणि आबा पितात ते मन आनंदित करायला थोडंच पितात, पिल्याशिवाय हात थरथरतो म्हणून पितात.

गांजाचं नाव बायबलमध्ये नाही, गोळ्यांचंही नाही, मोबाईलचंही नाही. पण मापटं तेच लागतं, शुद्ध राहते का आणि ताबा कोणाचा. वधस्तंभावर खिळण्याआधी येशूला बोळ, म्हणजे एक कडू सुगंधी डिंक, मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, वेदना बधिर करायला देत असावेत, त्याने घेतला नाही, मार्क १५:२३. यावरून दुखण्यावर औषध घेऊ नये असं कोणी सांगेल तर ऐकू नको, हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिराची पेंड लावायला सांगितली होती आणि पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

माझं स्वतःचं मत विचारशील तर आपल्या भागात विश्वासी माणसाने थेंबही घेऊ नये असंच मी म्हणते, रोमकर १४:२१ मुळे, ज्याने भाऊ अडखळतो ते करू नये. आपल्याकडे अडखळणारा भाऊ प्रत्येक घरात आहे. पण हे माझं मत आणि वचन, यातला फरक मला ठेवावा लागतो.

भावाच्या तब्येतीबद्दल मात्र मला आबांपेक्षा जास्त काळजी वाटतेय. दोन महिने झोप नाही, कानात शिव्या, शेजाऱ्यांवर संशय, एकटं बोलणं. गांजाने असं होतं, विशेषतः लहान वयात सुरू केलेल्यांना आणि ज्यांच्या घराण्यात आधी कोणाला मानसिक आजार होता त्यांना, आणि काही जणांचा गांजा बंद झाल्यावर तो भ्रम काही दिवसात उतरतो, काहींचा उतरत नाही आणि मग तो वेगळा आजार निघतो. कोणता आहे ते मला पत्रावरून कळणार नाही, तुझ्या प्रचारकांनाही डोक्यावर हात ठेवून कळणार नाही, मानसोपचाराचा डॉक्टर बघून ठरवेल. यात जितका उशीर तितकं अवघड होत जातं. गोळ्या कोणत्या ते शोध. मालेगाव-धुळ्याकडे ज्याला कुत्ता गोळी म्हणतात ती झोपेच्या-चिंतेच्या औषधातली गोळी असते, ती दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो आणि रोजची सवय असताना एकदम बंद केली तर दारूसारखीच फिट येऊ शकते. म्हणजे त्यालाही उपासाच्या नावाखाली कोंडून सगळं बंद करणं धोक्याचं आहे.

त्या एकवीस दिवसांना नाही म्हण. सरळ नाही म्हण. घरच्यांना भेटू देत नाही आणि औषध बंद करायला लावतात, अशा ठिकाणी कोणाच्याही पोराला ठेवू नये, मग बाहेर पाटी कोणत्याही देवाची असो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा भगताला लागतो तसा आपल्या लोकांनाही लागतो. सात आत्म्यांचं वचन कुठलं घेतलंय त्यांनी तेही सांगते, लूक ११:२४ चं, आणि त्यात दारूचा विषयच नाही. तिथे गोष्ट अशी आहे की आत्मा निघून गेला, घर झाडून साफ करून ठेवलं, पण कोणी राहायलाच आलं नाही, मत्तय तर रिकामं असंच म्हणतो. म्हणून तो सात जणांना घेऊन परत आला.

मला हे वचन आबांसाठी जास्त लागू वाटतं. मंडळीने त्यांच्याकडून दारू काढून घेतली, साक्ष घेतली, टाळ्या वाजवल्या, आणि मग? संध्याकाळी सहा ते नऊ त्यांनी कुठे बसायचं होतं? आपल्याकडे बाळ झालं तरी मोहाची, लग्नात मोहाची, मयतीत मोहाची, पूर्वजांना पण दोन थेंब सोडायचे, म्हणजे ज्या दिवशी आबा नाही म्हणाले त्या दिवशी भाऊबंदकीत एकटे पडले. तळोद्याकडे १९३० च्या दशकात गुला महाराजांनी दारू सोडा म्हटलं आणि हजारो आदिवासींनी ऐकलं, ते काही ख्रिस्ती नव्हते, पण तिथे सोडणारे सगळे जमायचे, एकट्याने सोडायची नव्हती. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, १९३५ मध्ये दोन दारुड्यांनीच सुरू केलं, एकमेकांना धरून. नुसत्या बंदीने काय होतं ते आपल्याला सांगायला नको, नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातमध्ये अर्धं महाराष्ट्रात, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि तिथल्या दोन्ही राज्यांत मिळून असलेल्या बाकड्याच्या कोणत्या टोकाला काय मिळतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मंडळीला काही करायचंच असेल तर हे करावं: आबा हॉस्पिटलातून आले की पहिले तीन महिने रोज संध्याकाळी कोणीतरी घरी यावं, चहा प्यावा, दोन गाणी म्हणावी, भजन येत असेल तर ढोलकी आबांच्या हातात द्यावी. लग्नाला जायचं असेल तर सोबत एक न पिणारा जावा. मी तर म्हणेन पाळकांनीच जावं.

प्रभुभोजनाबद्दल मला राग आलाय, खरं सांगते. करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजनाच्या जेवणातच झिंगलेले असायचे, १ करिंथकर ११:२१, पौल त्यांना चांगलंच झापतो, स्वतःला पारखून मग घ्या म्हणतो. शिस्त असावी, मान्य. पण ज्या माणसाने सोडायचा प्रयत्न केला आणि त्यात मरता मरता वाचला त्याला तुझ्यात आत्मा शिरला म्हणून ताटावरून उठवणं, याला मी शिस्त म्हणत नाही. त्याच पत्रात ६:१० मध्ये दारुड्यांना राज्याचा वारसा नाही असं कडक लिहिलंय, सगळे तेवढंच वाचतात, पुढच्या ओळीत लिहिलंय की तुमच्यातले कित्येक तसेच होते. त्या मंडळीच्या बाकांवर तेच लोक बसलेले होते! देवाने मला सोडलं असं आबा म्हणतात ना, त्यांना ही ओळ वाचून दाखव आणि सांग की तुम्ही शब्द मोडला नाही, तुमचं शरीर मोडलं, आणि त्याला औषध आहे.

कधी सांगायचं ते पण महत्त्वाचं. तू आणि आई रात्री त्यांच्याशी वाद घालता का? घालू नका. १ शमुवेल २५ मधली अबीगईल आठव, नवरा नाबाल मेजवानीत पिऊन टुन्न, आणि घरावर चारशे माणसं चालून आली होती इतकी मोठी गोष्ट तिला सांगायची होती, तरी तिने सकाळपर्यंत एक शब्द काढला नाही, त्याची उतरल्यावर सांगितलं. बायबलमधला दारुड्याच्या घरचा सगळ्यात व्यवहारी सल्ला मला हाच वाटतो. आणि नवऱ्याची चूक तिने स्वतःच्या अंगावर घेऊन घर वाचवलं हे खरं असलं तरी तुझ्या आईने मार खात बसावं असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. हात उगारला तर घराबाहेर पडायचं, काकाकडे जायचं, ११२ ला फोन करायचा.

तुझा चाळीस दिवसांचा उपास. पोरी, घरात दोन आजारी, पळापळ सगळी तुझ्यावर, आणि तू जेवणार नाहीस? एक वेळचा उपास धर हवा तर, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, तोही पाणी पिऊन. मार्क ९ मधला बाप काय म्हणाला होता, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत करा. एवढी प्रार्थना येशूला पुरली होती, चाळीस दिवस मागितले नव्हते त्याने.

कुठे जायचं ते सांगते. तुम्हाला नंदुरबारचं शासकीय मेडिकल कॉलेज जवळ पडेल, नाहीतर धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज, मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी ते आधी विचारून जा. जायच्या आधी बोलायचं असेल तर व्यसनाचा सरकारी नंबर १४४४६ आणि मानसिक आजाराचा टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत, मराठीत बोलायचंय असं सांगायचं. जास्त दिवस ठेवायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. पोलिसांना कळेल म्हणून भाऊ घाबरत असेल तर त्याला सांग की एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ मध्ये संरक्षण दिलंय, आणि डॉक्टरला नशेचं खरं सांगितलं तरच औषध बरोबर बसतं. फक्त खिशात माल घेऊन जाऊ नको म्हणावं.

दोघांना एकाच दिवशी नेऊ नको, आधी भाऊ. तो यायला तयार नसेल तर झोप येत नाही त्याचं औषध घेऊ म्हणून ने, ते खोटंही नाही. स्वतःला किंवा कोणाला इजा करायचं बोलला, चाकू-कोयता हातात घेतला, तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची. आणि आबांनी मध्येच परत एकदम सोडली आणि थरथर, घाम, फिट, भलतंच बोलणं यातलं काहीही दिसलं तर तेव्हाही १०८, मंडळीला फोन त्यानंतर. गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली तर फेकू नको, पिशवीत टाकून सोबत ने, दोघांचे आधार कार्ड, आणि आबांचे जुने काही कागद असतील तर ते. प्रार्थनेला कोणाला न्यायचंच असेल तर एकालाच ने, जो बाहेरच्या बाकावर गप्प बसेल.